ताईंचं प्रशिक्षण आम्हीच अडवलं

थोडं लांबलचक लिहितोय. सवडीनं वाचा, पण वाचा. यात सरकारबद्दल चार शब्द येतील, पण आधी स्वतःच्या चुकीबद्दल लिहायचंय.

मी आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेली सहा वर्षं आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी पेपर चाळत बसलो होतो. शेजारच्या गावातल्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा अकरावीत, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. आईचा हात धरून आला. बाईंनी आमच्या ग्रंथपाल ताईंना विचारलं, "याला ऐकायला मिळतील अशी पुस्तकं असतात का हो तुमच्याकडं?"

ताई जरा गोंधळल्या. माझ्याकडं बघितलं. मीही काही बोललो नाही. मग म्हणाल्या, "नाही हो, आपल्याकडं तसलं काही नसतंय. पुण्या-मुंबईकडं असेल." बाई "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. एसटी चुकू नये म्हणून घाईनंच गेल्या.

आठवड्याभरानं भाचा घरी आला होता, त्याला सहज हे सांगितलं. तो पुण्यात शिकवतो. त्यानं मोबाइल काढून मला 'सुगम्य पुस्तकालय' दाखवलं. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय. २०१६ साली सुरू झालेलं. अपंगत्वाचा दाखला देऊन नोंदणी करायची आणि ऐकता येतील, ब्रेलमध्ये घेता येतील अशी पुस्तकं उतरवून घ्यायची. अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलून द्यायला कॉपीराइट आड येऊ नये म्हणून २०१२ साली कायद्यात दुरुस्तीसुद्धा झाली आहे. म्हणजे कायदा होता, सोय होती, मुलाच्या आईच्या हातात मोबाइल होता. मध्ये फक्त ते सांगणारं माणूस नव्हतं. आणि ते सांगायचं काम ज्या जागेचं, तिथं आम्ही दोघं बसलो होतो.

इथपर्यंत ठीक आहे. माहीत नसतं माणसाला. पण मला चैन पडेना म्हणून मी वाचनालयातली आवक-जावकची फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीचं एक पत्र सापडलं. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण, आपला कर्मचारी पाठवावा, असं. विषयांच्या यादीत चौथा विषय होता 'दिव्यांग वाचकांसाठी सेवा'. पत्राच्या कडेला निळ्या शाईत शेरा होता : "कर्मचारी कमी असल्याने पाठवता येणार नाही. वाचनालय बंद ठेवणे योग्य नाही." खाली सही.

सही माझी.

म्हणून हे लिहितोय.

ताईंबद्दल आधी सांगतो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पंचवीस वर्षांहून जास्त काळ त्या आपल्या वाचनालयात आहेत. दहावी झाल्यावर त्यांनी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग केला. जिल्हा ग्रंथालय संघ हा सहा महिन्यांचा वर्ग चालवतात आणि परीक्षा राज्याचं ग्रंथालय संचालनालय घेतं. त्यात त्या दाखल नोंदवही कशी लिहायची, ड्यूईच्या दशांश पद्धतीनं पुस्तकांना क्रमांक कसे द्यायचे, तालिका-कार्ड कसं करायचं, देवघेव कशी ठेवायची हे शिकल्या. चांगल्या शिकल्या. आजही कुठलंही पुस्तक मागा, वही न बघता कपाटापाशी जातात. कुठल्या आजोबांना कोणती ऐतिहासिक कादंबरी वाचून झाली आणि आता कोणती द्यायची हे त्यांच्या तोंडपाठ आहे.

पण त्या वर्गानंतर त्यांना कुणी काहीही शिकवलेलं नाही. पाव शतकात एकदाही नाही.

मधल्या काळात काय काय बदललं बघा. वाचनालयात कॉम्प्युटर आला. आधी कथा-कादंबऱ्यांचे वाचक यायचे, आता निम्मी गर्दी अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणाऱ्या पोरापोरींची असते. वर्तमानपत्रं मोबाइलवर गेली. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचायला मिळू लागला. पोरं विचारतात, "ताई, हा फॉर्म कुठं भरायचा? ही जाहिरात खरी का खोटी?" आणि ताई त्यांच्या परीनं उत्तर देतात. म्हणजे स्वतःच्या मुलीला फोन लावून विचारतात आणि मग सांगतात. आमच्या वाचनालयाचा संदर्भ विभाग म्हणजे ताईंची मुलगी.

मी बँकेत नोकरी केली. आमच्याकडं सगळं कॉम्प्युटरवर जायचं ठरलं, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि मला माउस धरता येत नव्हता. बँकेनं आम्हाला दुसऱ्या शहरात आठ दिवस ठेवलं. राहणं, जेवण, प्रवास बँकेचा. त्या दिवसांचा पगार चालू. परत आल्यावर महिनाभर एक पोरगा शाखेत शेजारी बसून शिकवायला. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की "हा इथून गेला तर काउंटर बंद राहील." बदली माणूस दिला. आणि तोच मी, निवृत्त होऊन वाचनालयाच्या खुर्चीत बसलो आणि ताईंच्या पत्रावर शेरा मारला. आपल्याला मिळालेली गोष्ट दुसऱ्याला नाकारताना हात कसा अडखळत नाही, याचं मला आता आश्चर्य वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं. कॉलेजच्या ग्रंथपालांना नोकरीत पुढच्या श्रेणीत जायचं असेल तर उजळणी वर्ग करावे लागतात. यूजीसीच्या नियमांतच ते आहे. दोन-तीन आठवड्यांचे वर्ग, कॉलेजकडून रीतसर परवानगी. ते योग्यच आहे. आशाताईंनासुद्धा टप्प्याटप्प्यानं प्रशिक्षण मिळतं, कितीही अपुरं असलं तरी. अंगणवाडी सेविकांना मिळतं. शिक्षकांना तर इतकं मिळतं की ते वैतागतात. मग गावच्या वाचनालयातली बाईच तेवढी एकदा शिकली की जन्मभराचं झालं, असं कसं?

याचं उत्तर कटू आहे. वाचनालय चालवणं हे शिकायचं काम आहे असं आपण मनातून मानतच नाही. "पुस्तकं द्यायची-घ्यायची, त्यात काय शिकायचंय?" हे वाक्य मी आमच्याच बैठकीत ऐकलंय. आणि मान डोलावलीय.

आता जरा मागं जाऊ. बडोद्याचे सयाजीराव महाराज. मूळ आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शिकलेला माणूस पुढं वाचणार काय, हा प्रश्न आला. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बडोद्याला आणले. त्यांच्या देखरेखीखाली मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव पेटीतून पुस्तकं जाऊ लागली. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. १९११ सालीच तिथं ग्रंथालयाचं काम शिकवायचा वर्ग सुरू झाला. पुस्तकं आणि इमारत यांच्याबरोबरीनं माणसं घडवायची सोय केली, नंतर बघू म्हटलं नाही. एकशे दहा वर्षांहून जास्त झाली याला.

दुसरे रंगनाथन. त्यांचा फोटो प्रत्येक वाचनालयात असतो, १२ ऑगस्टला आपण हार घालतो. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या सुरुवातीला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. नुसतं बसून राहायचं, हे काय काम आहे, मला माझं शिकवणं परत द्या, म्हणू लागले. त्यांना सांगितलं गेलं, की आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून या, मग ठरवा. ते गेले, लंडनला शिकले, तिथली ग्रंथालयं हिंडून बघितली आणि परत आले ते पुन्हा गणिताकडं वळलेच नाहीत. पुढं १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, ती जगभर शिकवतात.

मी हे अशासाठी सांगतोय, की ज्या माणसाच्या फोटोला आपण हार घालतो, त्यालासुद्धा हे काम न शिकता कंटाळवाणंच वाटलं होतं. शिकल्यावर त्यात काय आहे ते दिसलं. आणि आपण आपल्या ताईंना पत्रावर शेरा मारून घरी बसवतो, आणि मग वर म्हणतो, "वाचनालयात काही नवीन होत नाही."

आता दुसरी बाजू. जी प्रशिक्षणं होतात ती कशी असतात? आमच्या ताई नाही, पण शेजारच्या वाचनालयातले एक जण दोन-तीन ठिकाणी जाऊन आलेत. त्यांनी सांगितलेला दिवस असा : साडेदहाची वेळ, सुरुवात साडेअकराला, कारण पाहुणे यायचेत. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सत्कार. मग वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे यावर तीन भाषणं. ज्यांचं सगळं आयुष्य वाचनालयात गेलं त्यांनाच दोन तास सांगायचं की वाचन महत्त्वाचं आहे. मग जेवण. जेवणानंतर एक तास कामाचा, तो म्हणजे वार्षिक अहवाल कसा भरायचा, हिशेब कसे ठेवायचे, तपासणीला कोणत्या वह्या लागतात. मग प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. शेवटची एसटी साडेपाचची.

हिशेबाचा तास फालतू आहे असं मी म्हणणार नाही. अनुदान त्या वह्यांवर मिळतं. तपासणीत वही अपुरी निघाली तर वर्ग खाली जातो, ब चा क होतो, आणि पगाराचे पैसे कापले जातात. त्यामुळं कर्मचारी जिवाच्या भीतीनं तेवढंच ऐकतात, यात त्यांचं चुकत नाही. पण याचा परिणाम असा झालाय, की आपलं वाचनालय तपासणीसाला खूश करायला शिकलंय. वाचकाला उत्तर द्यायला शिकलेलं नाही.

मग शिकवायचं काय? मी काही तज्ज्ञ नाही. आमच्या वाचनालयात जे अडतं तेवढंच सांगतो.

पहिलं, विचारायला आलेल्या माणसाला नेमकं काय हवंय ते ओळखणं आणि ते कुठं मिळेल ते शोधून देणं. आपल्याकडं नसेल तर "नाही" म्हणून न थांबता पुढचा पत्ता सांगणं. त्या मुलाच्या बाबतीत एवढंच हवं होतं.

दुसरं, निर्लेखन. म्हणजे कालबाह्य, फाटकी पुस्तकं रीतसर काढून टाकणं. आमच्याकडं 'विंडोज ९५' शिकवणारं पुस्तक अजून कपाटात आहे. हसण्यावारी न्या. पण पोलीस भरतीची जुनी मार्गदर्शकंही आहेत, ज्यांत भारतीय दंड संहिता आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले. एखादी पोरगी त्या जुन्या पुस्तकावरून पाठ करून परीक्षेला गेली तर तिचं वर्ष कुणी भरून द्यायचं? पण पुस्तक काढलं तर तपासणीत विचारतील, या भीतीनं कुणी हात लावत नाही. नियमात बसवून कसं काढायचं, ठराव कसा करायचा, हे शिकवलं तर ती भीती जाईल.

तिसरं, पुस्तकांची निगा. फाटलेल्या पानाला आपण सेलोटेप लावतो. काही वर्षांनी ती पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि पान आणखी बिघडतं. हे मला मागच्या वर्षी कळलं. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या वाचनालयांत किती पुस्तकं भिजली ते आपण बघितलं. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकायचं नसतं. पानांत टीपकागद घालत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचं असतं, आणि तेही दोन दिवसांच्या आत हाती घ्यायचं, नाहीतर बुरशी धरते. हे पूर आल्यावर शिकून उपयोग नाही.

चौथं, कॉम्प्युटर. आम्ही एका खासगी माणसाकडून सॉफ्टवेअर घेतलं. ताईंनी वर्षभर बसून पाचेक हजार पुस्तकांच्या नोंदी केल्या. कॉम्प्युटर बंद पडला, सगळं गेलं. बॅकअप घ्यायचा असतो हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते आपल्याला माहीत असायला हवं होतं असं कार्यकारिणीत कुणाला वाटलं नाही. ताई त्या दिवशी रडल्या. 'कोहा'सारखं सॉफ्टवेअर जगभरातली ग्रंथालयं वापरतात आणि ते विकत घ्यावं लागत नाही. पण ते बसवणं आणि चालवणं शिकावं लागतं. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, शिकण्याला लागतात. आपण उलटं करतो.

पाचवं, लहान पोरं. शनिवारी दुपारी दहा-बारा पोरं येतात, पुस्तकं उलटीसुलटी करतात, जातात. त्यांना गोष्ट वाचून कशी दाखवायची, कुठं थांबायचं, पुस्तक त्यांच्या हातात कधी द्यायचं, हे एक कसब आहे. ते शिकवता येतं.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, आणि भाषणानं तर अजिबात होणार नाही. हातानं करून बघावं लागेल.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, कारण हे सगळं मी बैठकीत ऐकून बसलोय.

पहिला मुद्दा, आणि तो सगळ्यात खरा : आधी पगार द्या, मग शिकवा. ताईंना महिन्याला किती मिळतात तो आकडा लिहीत नाही. एवढंच सांगतो, की रोज भांगलायला जाणाऱ्या बाईच्या हाजरीचे महिनाभराचे पैसे मोजले तर ते कमी भरणार नाहीत. तेही दर महिन्याला नाही, अनुदानाचा हप्ता येईल तेव्हा. अनुदानातला साधारण निम्मा भाग पगाराला आणि निम्मा पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज यांना, अशी विभागणी असते. २०१२ नंतर थेट २०२२ साली अनुदान वाढवायचा निर्णय झाला. मधली दहा वर्षं महागाई थांबली होती का? वेतनश्रेणी द्या, पत्की समितीच्या शिफारशी अमलात आणा, ही कर्मचाऱ्यांची मागणी इतकी जुनी आहे, की ती करणाऱ्यांतले कित्येक जण वाट बघत निवृत्त झाले. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यानं केला, त्याचा अभिमान आपण सांगतो. पण त्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयातला माणूस सरकारी नाही, खासगी नाही, मधल्या मध्येच लटकलाय.

म्हणून मी असं म्हणत नाही, की शिकवलं की झालं. पोट उपाशी ठेवून प्रशिक्षण ही चेष्टा आहे. पगाराची मागणी पहिली. पण ती पूर्ण होईपर्यंत शिकवणं थांबवायचं म्हटलं तर आणखी पंचवीस वर्षं जातील. आणि मला वाटतं या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. "पुस्तकं द्यायला-घ्यायला काय शिकायचंय" असं मानतो म्हणून "एवढ्याशा कामाला पगार तरी किती" असंही मानतो. काम काय आहे ते दिसलं तर पगार मागायलाही जोर येईल.

दुसरा मुद्दा : शिकली की सोडून जाईल. जाऊ दे की! पंचवीस वर्षं न शिकवता राहिल्या, त्यात आपलं काय भलं झालं? आणि खरं सांगू का, जे इतक्या पगारात इतकी वर्षं टिकले ते तीन दिवसांच्या वर्गानं पळून जाणार नाहीत.

तिसरा : आता सगळं मोबाइलवर आहे, वाचनालयाला कोण विचारतं? त्या मुलाच्या आईच्या पिशवीत मोबाइल होता. तरी त्या पंधरा किलोमीटर एसटीनं येऊन वाचनालयातच विचारायला आल्या. मोबाइलमध्ये सगळं आहे, पण काय शोधायचं हे ज्याला माहीत नाही त्याला कुणीतरी माणूसच लागतो.

चौथा, माझा स्वतःचा : वाचनालय बंद राहील. तीन दिवस वाचनालय बंद राहिलं असतं म्हणून आम्ही तो मुलगा परत पाठवला, असा हिशेब आता मला लागतो. आणि मुळात बंद तरी कशाला राहायला हवं होतं? कार्यकारिणीत आम्ही अकरा जण आहोत. त्यातले सहा निवृत्त. तीन दिवस आळीपाळीनं टेबलावर बसायला काय हरकत होती? आम्हाला ते सुचलं नाही, कारण ते टेबल आमचं नाही असं आम्हाला वाटतं. अध्यक्षांची खुर्ची आमची, सत्काराची शाल आमची, टेबल तेवढं ताईंचं.

सरकारकडून मला काय हवंय ते थोडक्यात लिहितो. प्रमाणपत्र वर्गानंतर दर तीन-चार वर्षांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला निदान आठवड्याभराचं हातानं शिकायचं प्रशिक्षण मिळावं. प्रवास, जेवण आणि त्या दिवसांचं मानधन द्यावं. ते तालुक्याला व्हावं, कारण घरी म्हातारी सासू आणि दावणीला म्हैस असलेली बाई जिल्ह्याला मुक्कामाला जाऊ शकत नाही. कलकत्त्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडं चर्चासत्रं आणि प्रशिक्षणासाठी मदत देणाऱ्या योजना आहेत, त्यांचा पाठपुरावा व्हावा. आणि तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवा : या वर्षी कर्मचाऱ्याला काय शिकवलं? हा रकाना आला की आमच्यासारख्या कार्यकारिण्या आपोआप सरळ होतील. आम्ही रकान्यांनाच घाबरतो.

पण मुंबईकडं बघत बसायचं नाही, असं मी ठरवलंय. येत्या बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. इथं जाहीर लिहितोय, म्हणजे मला मागं हटता येणार नाही.

एक. ताई किंवा आपला दुसरा कुठलाही कर्मचारी प्रशिक्षणाला गेला तर तो दिवस कामाचा धरायचा, येण्या-जाण्याचं आणि जेवणाचं वाचनालयानं द्यायचं, आणि त्या दिवशी टेबलावर कार्यकारिणीतलं माणूस बसेल. पहिल्या वेळी मी बसेन.

दोन. आसपासच्या पाच-सहा वाचनालयांनी मिळून दर महिन्याला अर्धा दिवस एकत्र यायचं. आळीपाळीनं एकेका वाचनालयात. शिकवायला बाहेरून कुणी मोठं माणूस नको. कॉलेजच्या ग्रंथपालांशी मी बोललोय, ते यायला तयार आहेत. आणि आमच्या ताईसुद्धा इतरांना शिकवू शकतात. वाचकाची आवड लक्षात ठेवायची त्यांची जी हातोटी आहे ती कुठल्याही पुस्तकात नाही. सुट्टीच्या वारी ठेवायचं नाही. बाईला आठवड्यातून एक दिवस घरचा असतो, तोही घ्यायचा नाही.

तीन. या अर्ध्या दिवसात हार, शाल, नारळ, दीपप्रज्वलन आणि भाषण, काहीही नाही. चहा चालेल.

शेवटचं. त्या मुलाचा पत्ता आम्ही शोधला. बाईंनी गावाचं नाव सांगितलं होतं, त्यामुळं फार अवघड गेलं नाही. मागच्या रविवारी ताई आणि मी त्यांच्या घरी जाऊन आलो. दाखला काढून ठेवलेला होता. नोंदणीचा अर्ज ताईंनीच त्याच्या आईच्या मोबाइलवर भरला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. परत येताना एसटीत ताई मला म्हणाल्या, "सर, हे आधी माहीत असतं तर त्यांना हेलपाटा पडला नसता." त्या पत्राबद्दल त्यांना माहीत नव्हतं. मी तेव्हाच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा आलं पत्र तर मला दाखवा फक्त."

तुमच्या गावच्या वाचनालयात कधी गेलात तर तिथल्या माणसाला एवढंच विचारा, की शेवटचं प्रशिक्षण कधी झालं. आणि तुम्ही तिथं अध्यक्ष, सचिव, सदस्य कुणी असाल तर आज जाऊन फाइल काढा. कडेला निळ्या शाईत काय लिहिलंय ते बघा.